रोबोटचं तोंड पूर्वेला

मला एका जागी बसवत नाही. लातूरला दोन वर्षं मेडिकलच्या क्लासला होते, तेव्हा बाकाखाली माझा गुडघा इतका हलायचा की शेजारची मुलगी वही उचलून पुढच्या बाकावर गेली आणि परत कधी आली नाही. रविवारी चाचणी, सोमवारी भिंतीवर यादी. माझं नाव शोधायचं तर बोट खालून वर न्यावं लागे. दोन्ही वर्षं वाया गेली आणि दोन्ही वेळा माझं कारण तयार होतं. एकदा पेपर अवघड होता, एकदा मला ताप होता. ताप खरंच आला होता, फक्त परीक्षेच्या आठ दिवस आधी.

मग नांदेडला इंजिनीअरिंगला आले आणि पहिल्याच वर्षी रोबोटच्या नादी लागले.

आमच्या रोबोटला चार चाकं होती आणि प्रत्येक चाक आपापलं वेगळं वळायचं. तोंड एकीकडे ठेवून तो खुशाल दुसरीकडे सरकत जायचा. चालवायला मी. रिमोटची दांडी पुढे लोटली की तो माझ्यापासून लांब जाणार, मग त्याचं तोंड माझ्याकडे असो की भिंतीकडे. हे जमायचं ते आतल्या नखाएवढ्या सेन्सरमुळे. रोबोट किती फिरला हे तो लक्षात ठेवायचा. मात्र चालू करताना रोबोट जराही हलायला नको, आणि त्या क्षणी त्याचं तोंड जिकडे असेल तीच बाजू तो 'समोर' म्हणून धरायचा आणि दांडी पुढे लोटली की तिकडेच जायचा. ती बदलायची तर रोबोटच्या पाठीवरचं निळं बटण दाबायचं. सामना सुरू झाला की रोबोटला हात लावायला बंदी.

माझा हात थरथरायचा, म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्या मैत्रिणीने दांडीच्या मधोमध थोडी मोकळी जागा सोडली होती. तेवढ्यात दांडी हलली तर रोबोटने लक्षच द्यायचं नाही. मला चिडवायला ती जागा सगळ्यांना पुरायची. मी भांडायचे, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप ती अजून थोडी वाढवून मागायचे.

हा अस्वस्थपणा मी घरून आणला आहे. माझे आप्पा एसटीचे ड्रायव्हर. भूकंपात आमचं गाव जमिनीला मिळालं, तेव्हा ते गावातल्याच एका टेम्पोवर ड्रायव्हर होते. आत्या, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, भिंतीखाली सापडली आणि दुपारपर्यंत गेली. माझा जन्म त्यानंतरचा. पण मला कळायला लागल्यापासून आप्पांना मी कधी दार लावून झोपलेलं पाहिलेलं नाही. जेवताना कुणी जवळून धपधप चालत गेलं तरी त्यांचा घास हातात थांबतो. आणि माझ्याबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं, "वेळेवर डॉक्टर मिळाला न्हाई म्हणून ती गेली. आपल्या घरात डॉक्टर पायजे." मेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही.

नांदेडचं एक वर्ष संपत आलं तसे ते पुन्हा क्लासचा फॉर्म घेऊन आले. इंजिनीअरिंग सोडायचं, लातूरला यायचं, तिसऱ्यांदा बसायचं. मी खूप आदळआपट केली. शेवटी ते म्हणाले, "तुझा तो खेळ काय हाय ते बघतो. काई दम दिसला तर ऱ्हा हितं. न्हाईतर सामान बांध." स्पर्धा आमच्याच कॉलेजात होती: मैदानात दोन टीमचे रोबोट, ज्याच्या टोपलीत जास्त चेंडू तो जिंकला. माझं नांदेडला राहणं त्या एका सामन्यावर येऊन ठेपलं.

आमच्या वर्कशॉपला एक जुने मिस्त्री होते, सगळे त्यांना मामा म्हणत. कोणतंही नवं यंत्र मामांनी पूजेशिवाय सुरू होऊ दिलं नव्हतं. सामन्याच्या दिवशी त्यांनी रोबोट हॉलबाहेरच्या पटांगणात ठेवून घेतला, तोंड पूर्वेला केलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि म्हणाले, "करा चालू. आता मॅच होऊस्तर बंद करायचा न्हाई, अपशकुन असतोय." आम्ही हात जोडून उभे. रोबोट अगदी निश्चल. सेन्सरला यापेक्षा चांगली सुरुवात मिळाली नसती. तसाच चालू ठेवून चौघांनी तो उचलला आणि आत नेला.

हॉलमध्ये मात्र मला उत्तरेकडे तोंड करून उभं राहायचं होतं, मैदान समोर आणि आमची टोपली पलीकडच्या टोकाला. रोज सरावाला आम्ही रोबोट मैदानातच चालू करायचो, म्हणून कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. पण शेवटची तपासणी माझी होती. निळं बटण माझं होतं. आणि मी त्या वेळी तिसऱ्यांदा दारापाशी जाऊन आप्पा आलेत का बघत होते. ते आले होते. ड्यूटीवरून थेट, खाकी कपड्यात, मागच्या भिंतीला टेकून उभे.

शिट्टी झाली. मी दांडी पुढे लोटली. रोबोट सरळ उजवीकडे निघाला आणि कडेच्या फळीवर आदळला.

मी दांडी ओढली, ढकलली, गोल फिरवली. तो मला न विचारता भटकत होता. मागून कुणी "डावीकडे, डावीकडे" ओरडत होतं. चेंडू तसेच पडले होते, समोरच्या टीमची टोपली भरत होती. आणि मग पटांगण आठवलं, नारळ आठवला, आणि कळलं: त्याचं समोर अजून पूर्वेलाच आहे. त्याला काही सांगायची सोय नव्हती. मीच उजवीकडे वळले. मैदानाला डावा खांदा करून, पूर्वेकडे तोंड करून उभी राहिले, मान तेवढी मैदानाकडे. दांडी पुढे, रोबोट पूर्वेला. दांडी डावीकडे, रोबोट टोपलीकडे. प्रेक्षकांत हशा पिकला असं नंतर सगळे सांगतात. मला ऐकू आला नाही. आम्ही दोन चेंडूंनी हरलो.

टीममधले मामांवर घसरले. मामा बिचारे पडल्या चेहऱ्याने टोपी काढून उभे होते. मी म्हणाले, "मामांना काही बोलू नका. बटण मी दाबायचं होतं. चूक माझी आहे." मान अवघडली होती, रडू येत होतं, आणि कारण सांगावंसं अजिबात वाटत नव्हतं.

आप्पांनी ते ऐकलं. मी त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायला गेले. लातूरची गाडी लागलेली होती, फॉर्म त्यांच्या खिशातून डोकावत होता. मला वाटलं, आता "सामान बांध" म्हणतील. मी तयारीतच होते.

ते म्हणाले, "डॉक्टर व्हता."

"कुठे?"

"त्या दिवशी. रस्त्याला लागलं की कॅम्प व्हता, डॉक्टर व्हते तिथं. तुझ्या आत्याला टेम्पोत घातलं मी. घरं पडल्यावर गल्ल्याच राहिल्या न्हाईत, कुठून निघायचं कळंना. म्या वेशीकडून घातली गाडी. ढिगाऱ्यात अडकली. मागं घेऊन, फिरवून निघूस्तर दुपार झाली."

स्टँडवर कुणीतरी गाड्यांची नावं पुकारत होतं. मला आधी राग आला, हे लपवत नाही. दोन वर्षं, त्या याद्या, तो बाक, सगळं यांच्या एका चुकलेल्या रस्त्यासाठी. दया नंतर आली आणि रागावरच येऊन बसली, त्याला न हलवता.

"मग आजपर्यंत डॉक्टर नव्हता असं का सांगितलं?"

त्यांनी फॉर्म काढला, चार घड्या घातल्या आणि मुठीत धरला.

"ती मागून सांगत व्हती," ते म्हणाले. "दादा, विहिरीकडून घे, विहिरीकडून घे. मी म्हणलं, गप पड, गाडी मी चालवतो."

"माझंही तुम्ही ऐकलं नाही, आप्पा."

"हाव," ते म्हणाले, आणि मुठीतला फॉर्म माझ्या हातात देऊन एकटेच लातूरच्या गाडीत चढले.