कमानीवरची भेग

परांचीवर उभा राहून मी कमानीवर हातोडी वाजवत होतो आणि आवाज पोकळ येत होता. खाली स्टेजवर संस्थेचे सेक्रेटरी मान वर करून उभे.

"काय म्हणतेय, सर?"

"काही खरं दिसत नाही."

नाशिकमधलं एक जुनं नाट्यगृह. रंगमंचाच्या तोंडाशी जी मोठी चौकट असते, जिच्यातून प्रेक्षक नाटक बघतात, तिला प्रोसिनियम म्हणतात. इथे ती दगड-चुन्याची कमान होती. वर प्लॅस्टरमध्ये द्राक्षवेलींची नक्षी आणि मधोमध हातभर भेग. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. बांधकाम धोक्याचं आहे का, हे मी सांगायचं.

पोकळ आवाजाचे दोन अर्थ होतात. नुसतं प्लॅस्टर सुटलंय, नाहीतर आतला दगडच हललाय. नक्की कळायला थोडं प्लॅस्टर फोडावं लागतं. शिवाय भेगेवर काचेची पट्टी चिकटवून दोन महिने थांबायचं. भेग वाढली तर काच तडकते.

"फोडू नका," सेक्रेटरी म्हणाले. "कमान ठीक निघाली तर ही नक्षी कोण करून देणार? आणि दोन महिने कुठून आणू? शाळांची गॅदरिंग तोंडावर आलीत. पुढच्या रांगेत मुलं बसतात, सर. ठेवायची की पाडायची, एवढं सांगा."

तेवढ्यात विंगेतून काशिनाथकाका आले. मूळचे सुरगाण्याकडचे, तीस वर्षं इथला पडदा ओढणारे.

"साहेब, ही भेग मी आलो तवापासून हाय. टोकाला पेन्सिलीनं खूण केलीय. तिच्यापुढं नाय गेली कधी."

मी खूण पाहिली. भेग बरोबर तिथेच संपत होती. पण माझ्या डोळ्यांसमोर पुढच्या रांगेतली मुलं होती. पेन्सिलीच्या रेघेच्या भरवशावर त्यांचे जीव कसे सोडू? पाडा, असा रिपोर्ट मी दिला.

काम सुरू झाल्याचं मला कोणी कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा नक्षीचा चुरा स्टेजभर पसरला होता. कॉन्ट्रॅक्टर घाम पुसत म्हणाला, "सर, तुम्ही तर कमजोर म्हणाला होतात. तीन दिवस ब्रेकर चालतोय, एकेक दगड सुटता सुटत नाही."

मी वर चढलो. उरलेल्या कमानीचा एकेक सांधा शाबूत होता. भेगेखालचे दगडही तसेच, खाली रचून ठेवलेले. भेग फक्त प्लॅस्टरला होती.

"थांबवा," मी म्हणालो.

"आता? मधला दगड कालच काढला."

मधला दगड गेला की कमान राहत नाही, उरतं ते नुसतं ओझं. खाली टेकू लावलेले होते म्हणून ते थांबलं होतं. ते ओझंही उतरवायला मलाच सांगावं लागलं.

काका पुढच्या रांगेतल्या खुर्चीत बसले होते.

"काका, माझं चुकलं."

त्यांनी मान वर करून अर्ध्या कमानीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमी शिकलेले. मला वाटलं, मलाच दिसत नसंल."

 

नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून लोखंडी चौकट आली, तिच्यावर पत्रे बसवले. पडदा आता बटणावर सरकतो. काका गावी गेले, ते परतलेच नाहीत.

त्या रिपोर्टात मी 'शक्यता' हा शब्द दोनदा घातला होता. तो कोणी वाचला नाही. वाचली ती सही.