दोन घटकांची चूक

नवरा मुंबईच्या गोदीत तापाने गेला तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. सन एकोणीसशे तीसच्या आसपासची ही गोष्ट. मुरुडजवळच्या खडकांना चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपल्यातलं मांस, कोयतीने काढून, ती विकून मी दोघींचं पोट भरायची. पोर म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घरी बघायला माणूस नव्हतं, म्हणून तिला बरोबर न्यायची आणि पाण्यात जाऊ नये म्हणून होड्या बांधायच्या खुंटाला लुगड्याच्या चिंधीने तिचा पाय बांधून ठेवायची. आमच्यातल्या पुष्कळ बायका असंच करत.

पाटी भरली तरी मी लगेच परतत नसे. शेवटच्या खडकाच्या आडोशाला जरा बसायची. तिथे मला कुणी आई म्हणत नसे की विधवा म्हणत नसे. "कोन भेटतं गो तुला तिकरं?" शेजारीण चिडवायची. मीच मला भेटते, हे तिला काय सांगणार?

ओहोटी आम्ही तिथीवरून धरायचो. दर तिथीला पाणी दोन घटका, म्हणजे पाऊण तासभर, उशिरा फिरतं. त्या आठवड्यात पोर तापाने फणफणलेली. जागरणात मी एक रात्र दोनदा मोजली. ताप उतरल्यावर खडकावर गेले ती तृतीया समजून, आणि होती द्वितीया; पाणी माझ्या हिशेबाच्या दोन घटका आधीच फिरणार होतं. विचारायला घरात दुसरं होतं कोण?

आडोशाला डोळा लागला. जाग आली तेव्हा खडकाभोवती पाणी होतं. उधाणाचं पाणी चढायला वेळ लावत नाही. पाटी, कोयती तिथेच टाकून मी कमरेएवढ्या पाण्यातून धावत सुटले.

पोरीच्या छातीला पाणी लागलं होतं. भिजलेली गाठ दगडासारखी घट्ट झाली होती, काही केल्या सुटेना. कोयती टाकून आल्याबद्दल स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. शेवटी पाण्यात तोंड घालून चिंधी दातांनी तोडली. नवरा गेल्याचा निरोप आला तेव्हाही मी इतकी भ्याले नव्हते.

वाळूवर आल्यावर ती गळ्याला मिठी मारून म्हणाली, "आये, मी किती हाका मारल्या. तुला आयकू नाय आल्या?"

"नाय गो बाय. लाटांचा आवाज होता."

त्या सकाळी वारा पार पडलेला होता, लाटांचा आवाज असा नव्हताच. तिची पहिलीच हाक मला ऐकू आली होती, आणि अजून थोडा वेळ म्हणून मी डोळे मिटून घेतले होते.