सातच्या ठोक्याला भरती

बाबांनी खून करायचं मनावर घेतलं, तेव्हा ते नुकतेच रिटायर झाले होते. जिल्हा कोर्टात बत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. जबान्या लिहून लिहून उजव्या हाताच्या मधल्या बोटाला घट्टा पडलेला. “आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं लिहिलं. आता वर माझं नाव असलेलं एक तरी पुस्तक निघालं पाहिजे,” असं म्हणून ते कादंबरी लिहायला बसले. खुनाची, कोर्टातली. सदाशिव पेठेत खून करण्याइतकं श्रीमंत कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी तो समुद्रकाठी नेला.

तिथे धनिकांची वसाहत वसवली. सात बंगले, प्रत्येकाला बाग, बागेच्या टोकाला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. जहाजांचा एक बडा मालक संध्याकाळी सातला त्या पायऱ्यांवर उभा असतो. भागीदार त्याला मागून ढकलतो, भरतीच्या पाण्यात तो बुडतो, आणि पौर्णिमेच्या चांदण्यात शेजारचा माळी भागीदाराचं तोंड ओळखतो. पुढे दोनशे पानं खटला. वकील हुशार, न्यायाधीश त्याहून हुशार, आणि सगळ्यांत हुशार कोण, तर कोर्टातला कारकून! मी हसले, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

टायपिंगची परीक्षा पास होऊन मी नोकरीची वाट बघत घरीच होते, त्यामुळे ते काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. दोन वर्षांत ती कादंबरी मी तीनदा टाइप केली. चार प्रकाशकांनी ती साभार परत केली. पाचवा प्रकाशक बुधवार पेठेतला. तो म्हणाला, “दिवाळीआधी काढू. सोमवारी अकराच्या आत शेवटची प्रत आणा. नाही आणलीत तर दुसऱ्या एकाचं तयार आहे, ते छपाईला लावतो. मग पुढचं काही सांगता येणार नाही.” बाबांनी ही बातमी अशी पसरवली, की दूधवालाही मला विचारायला लागला, “ताई, खुनी कोण हो?”

शनिवारी दुपारी चहा झाल्यावर बाबांनी शेवटचं वाचन काढलं. एरवी वाचन व्हायचं ते पुढच्या खोलीत, मित्रांसमोर. आई चहाचे कप ठेवून आत जायची. त्या दिवशी मित्र आले नव्हते, म्हणून श्रोते आम्ही दोघी. आई तांदूळ निवडत होती. बाबा रंगात आले होते. वसाहतीत रोज सातच्या ठोक्याला भरती पायऱ्यांना लागते, लोक त्यावर घड्याळं लावतात, वगैरे वगैरे.

आईने एक खडा बाजूला टाकला. “अहो, समुद्र म्हणजे काय कॉर्पोरेशनचं पाणी आहे, रोज ठरल्या वेळेला यायला?”

“म्हणजे?”

“भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पाणी पूर्ण भरतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेला बाराच्या सुमाराला. मग पौर्णिमेला संध्याकाळी सातला पाणी आणलंत कुठून? तेव्हा ओहोटी. तुमचा तो मालक चिखलात पडेल. फार तर गुडघा फुटेल मेल्याचा.”

बाबांनी दोन पानं मागे उलटली. मग बाबा म्हणाले, “अष्टमी करतो.” आणि लगेच स्वतःच म्हणाले, “अर्ध्या चंद्रात ओळख पटवली? उलटतपासणीत माळी दोन मिनिटं टिकायचा नाही.” वेळ बदलावी, तर भागीदार सातला कुठे होता यावरच अख्खा खटला उभा. एक वीट काढली की सगळं खाली.

“बाबा, पुण्यात भरती तपासायला कोण बसलंय? आहे तसं देऊन टाका,” मी म्हटलं.

“खोटं आहे हे ठाऊक असताना पुरावा दाखल करू?” ते एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला होता, की माझा राग सगळा आईवर निघाला. “दोन वर्षं तू काय तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होतीस?”

“मला कुणी विचारलं?” आई म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

खरंच कुणी विचारलं नव्हतं. आई रत्नागिरीकडची, समुद्राकाठच्या गावातली. लग्न पुण्यात मामाच्या घरून झालं. आजी-आजोबा लवकर गेले. बाबांना घाट लागायचा, म्हणून तिकडे जाणं कधी झालंच नाही. कादंबरीसाठी बाबांनी वाचनालयातली पुस्तकं पालथी घातली, एकदाच गोव्याला जाऊन आलेल्या शेजाऱ्यांना तासभर छळलं. घरात अठरा वर्षं समुद्राशेजारी वाढलेली बाई पोळ्या लाटत होती, तिला विचारायचं त्यांना सुचलं नाही. मला तरी कुठे सुचलं होतं! माझीच मला लाज वाटली.

रविवारभर बाबा पंचांग घेऊन येरझाऱ्या घालत होते. जेवले नाहीत धड. सोमवारी मात्र अंघोळ करून इस्त्रीचे कपडे घातले. मी सुटकेचा निःश्वास टाकला. प्रत आहे तशी सुतळीने बांधली. नऊ वाजता त्यांनी आईला हाक मारली, खुर्चीत बसवलं, समोर कागद घेतले आणि कोर्टातल्या आवाजात विचारलं, “नाव?”

“इश्श! काय हे सकाळी सकाळी?”

“साक्षीदाराने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं.”

आईने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं, आणि माहेरचं नाव सांगितलं. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं, त्याच्या आधीचं. मी बावीस वर्षांची होते आणि ते पहिल्यांदा ऐकत होते. बाबांचं पेन थांबलं. मग त्यांनी तेच नाव लिहिलं.

“घरापासून समुद्र किती अंतरावर?”

“उधाणाला पाणी अंगणाच्या दगडी गडग्याला लागायचं.”

तिथून आई जी सुरू झाली! ओहोटीला उघडे पडणारे खडक, त्यातल्या डबक्यांत अडकलेले मासे, पाय कुठे टाकायचा आणि कुठे नाही. बाबा भराभर लिहीत होते. पुण्यात आल्यावर महिनाभर झोप लागली नाही, असं ती म्हणाली. “रात्री आवाजच नाही कसला. शांततेने जीव घाबरायचा. पण सांगणार कोणाला? सगळे म्हणाले असते, नव्या सुनेची नाटकं.” बाबांनी तेही लिहिलं. एवढी वर्षं मला वाटायचं, आईला बोलायला फारसं आवडत नाही.

अकराला वीस मिनिटं उरली. मी चपला घालून, गठ्ठा हातात घेऊन दारात उभी.

“लग्नाला निघालो तेव्हा नेमकी ओहोटी होती,” आई सांगत होती. “पाणी लांब गेलेलं. नीट दिसलंच नाही.”

“बाबा,” मी म्हटलं, “आत्ता निघालो नाही तर अकराच्या आत पोचणार नाही. तो दुसऱ्याचं पुस्तक लावेल.”

बाबांनी मान वर केली नाही. “साक्ष चालू आहे,” म्हणाले, आणि नवा कागद पुढे ओढून आईला विचारलं, “हं. पाणी दिसलं नाही. मग?”