गुरुवारची पाहुणी

होमोवोच्या सणाआधीच्या गुरुवारी खेड्यापाड्यांतली माणसं डोक्यावर पीक घेऊन अक्रा शहरात आपापल्या मूळ घरी येतात. घरचे आधी पाणी देतात, मग विचारतात, "तिकडची काय खबर?" विचारल्याशिवाय पाहुण्यानं आपलं गाऱ्हाणं काढायचं नसतं. आमच्या लामिलेमावशीला अख्ख्या वर्षात त्या एकाच दिवशी कोणी काही विचारायचं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. शेजार काय तो माझा, आणि मी दिवसभर विकायचे केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे, उकडण्यात.

आमची वस्ती एके काळी अक्राच्याही बाहेर होती आणि पलीकडच्या टेमा शहराच्याही. मग दोन्हीकडून घरं सरकत आली आणि बघता बघता आम्ही मधोमध सापडलो. यंदा रस्ता रुंद करायचा म्हणून मावशीच्या भिंतीवर लाल रंगानं खूण करून गेले. सण झाला की घर पाडणार होते.

"तेइकोला सांगते," मावशी म्हणाली. तेइको तिचा धाकटा भाऊ. "मूळ घरात एक खोली मागते. खबर विचारली की सांगून टाकीन."

गुरुवारी भेंडी-मिरच्यांचं घमेलं डोक्यावर घेऊन गेली. संध्याकाळी परतली, ती घमेलं खाली ठेवून उंबऱ्यावरच बसली.

"काय झालं? पाणी नाही दिलं?"

"तेइको हसला गं. म्हणे, 'ताई, तू आता कसली पाहुणी? सगळं एकच शहर झालंय. माठ तिथंच आहे, घे हातानं.' वहिनी म्हणाली, 'भेंडी तर आमच्या नाक्यावरही मिळते.' घेतलं पाणी. बसले जरा. आले."

"तोंड शिवलं होतं का तुझं? सांगायचंस ना!"

"न विचारता? सख्ख्या भावापुढे भिकारणीसारखी?"

मला तिचा संताप आला, तिच्या भावाचा त्याहून जास्त. असला मानीपणा काय चुलीत घालायचाय? पण मावशी कुणाचं ऐकेल तर शपथ.

सण उलटला. एका दुपारी मी बाजारातून आले, तर तिच्या दाराला कुलूप आणि किल्ली कुलपातच. दुसऱ्या दिवशी यंत्र आलं.

तेइको आला तो आठवड्यानं. विटांच्या ढिगासमोर उभा राहिला, मग माझ्याकडे वळला. कुठे गेली? कुणाबरोबर? घर पाडणार हे कधी कळलं तिला? जेवत होती ना नीट? एकामागून एक विचारत सुटला. त्यातला एक जरी प्रश्न गुरुवारी विचारला असता, तर मावशी आज त्याच्या घरी असती.