हिऱ्याच्या कोंदणाच्या शोधार्थ मिरजगावपर्यंत

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मनुष्य साधारणतः तीर्थाटनास निघतो. अस्मादिक गोठाटनास निघाले. साखरपुड्याचा दिवस ठरला होता, हिरा घेऊन झाला होता, आणि तो हिरा अंगठीत कोणत्या पद्धतीने बसवावा या एका प्रश्नावर आमच्या नियोजित गृहस्थाश्रमाचा पाया डळमळू लागला होता.

प्रथम पात्रपरिचय. प्रस्तुत लेखक नगरात छोटा छापखाना चालवतो आणि निवृत्त मुख्याध्यापकांपासून नवनिर्वाचित सरपंचांपर्यंत सर्वांची मानपत्रे लिहितो. ‘ज्ञानसूर्य’, ‘सौजन्यमूर्ती’, ‘अजातशत्रू’ ही माझी रोजची भाजीभाकरी. नियोजित वधू डॉ. सुमन, वय सत्तेचाळीस, पशुवैद्य. दोन वर्षांपूर्वी त्या कार्ड छापायला आल्या. मी मसुद्यात घातलेली सात विशेषणे त्यांनी उभ्याउभ्या खोडली आणि ‘जनावरांचे डॉक्टर’ एवढेच शिल्लक ठेवले. आयुष्यात प्रथमच माझ्या गद्यावर कोणी शस्त्रक्रिया केली होती. मी तत्काळ अनुरक्त झालो.

आता मूळ प्रश्न. सराफ बाजारातील माझे स्नेही बापूशेठ यांनी पितळेच्या वळ्यात काचेचे खडे बसवून तीन नमुने करून दिले. पहिल्यात सहा नख्या खड्याला उंच उचलून धरतात, जणू सत्कारमूर्तीस खांद्यावर घेतले आहे. दुसऱ्यात अर्ध्या वळ्यावर बारीक खड्यांची रांग, मध्यभागी मुख्य खडा. तिसरे बंद कोंदण, म्हणजे खड्याभोवती धातूची अखंड कड. माझा कौल निःसंदिग्धपणे पहिल्यास होता. ‘मामा आता राहिलाच’ असा निकाल भाच्यांनी जाहीर केल्यालाही एक तप लोटले होते. अशा पुरुषाचा हिरा माळीवाड्यात चमकला तर शहराच्या दुसऱ्या टोकाला दिल्ली गेटला उभ्या असलेल्या मनुष्यास दिसला पाहिजे.

हे सर्व मी डॉक्टरांना दूरध्वनीवरून सविस्तर निवेदन केले.

“मला बाजारात यायला वेळ नाही,” त्या म्हणाल्या. “शनिवारी मिरजगावची फेरी आहे. नमुने घ्या आणि गाडीत बसा. काम करताना जी हातात राहील, ती अंगठी.”

“कामापुरती काढून ठेवता येणार नाही का?”

“काढून ठेवलेल्या वस्तू माझ्याकडे टिकत नाहीत, वसंतराव. दोन घड्याळं आणि एक चष्मा या जिल्ह्यातल्या कुठल्यातरी गव्हाणीत पडलाय. अंगठी हरवल्यावर तुमचं तोंड बघत बसायची माझी तयारी नाही.”

“आणि तिन्हींपैकी एकही राहिली नाही तर?”

“तर अंगठी नाही. अंगठीवाचून तुमचं अडणार असेल तर साखरपुडाही नाही.”

फोन बंद झाला. मी नमुने कापसात गुंडाळले.

प्रस्थान

नगरहून सोलापूर रस्त्याने मिरजगाव सुमारे साठ किलोमीटर. रस्ता आता प्रशस्त झाला आहे; दीड तास पुरतो, मार्गात गाई नसल्यास. आम्हांस मार्गात गाईच होत्या, त्यामुळे अख्खा दिवस लागला. सकाळी साडेसहाला निघावे. डिसेंबरात थंडी मोजकी असते, दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेएवढी आलेली असते, आणि नावाच्या नव्या फलकांवर अहिल्यानगर व चालकांच्या तोंडी नगर अशी सुखेनैव द्विभाषिकता नांदत असते. गाडी डॉक्टरांची होती. मागच्या आसनावर सलाइनच्या बाटल्या, दोरखंड, बादली. पुढे मी, इस्त्रीच्या पांढऱ्या झब्ब्यात. या यात्रेस जाणाऱ्यांनी पांढरे वस्त्र परिधान करू नये. कारण लवकरच येईल.

“कोणत्या हातात घालू?” पहिला नमुना घेत त्यांनी विचारले.

“डाव्या. परंतु कामासाठी उजवा हात वापरल्यास प्रश्नच—”

“डावा गाईच्या आत असतो, उजवा बाहेर. दोन्ही कामाचेच आहेत.”

रुईछत्तिशी: सहा नख्यांचा पराभव

येथे रस्त्यालगत चहा दहा रुपयांत मिळतो आणि आले घालण्यात हात आखडता घेत नाहीत. चहानंतर दत्तू नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात गाय गाभण आहे की नाही हे पाहायचे होते. त्यासाठी डॉक्टर खांद्यापर्यंत पोहोचणारा प्लास्टिकचा पातळ हातमोजा चढवतात आणि तो हात गाईच्या पृष्ठभागातून आत जातो. माझ्यासारख्या शब्दप्रभूसही याहून सभ्य वर्णन साधत नाही.

हातमोजा अंगठीपर्यंत आला आणि थांबला. डॉक्टरांनी ओढला. माझ्या सहा नख्या सहा ठिकाणांहून बाहेर आल्या.

दत्तूने वाकून पाहिले. “म्याडम, ह्ये अंगठी हाय का मांजर?”

दुसरा हातमोजा आला. त्याचीही तीच गत. तिसऱ्याच्या वेळी दत्तूने माझ्याकडे वळून आस्थेने विचारले, “पाव्हनं, तुमी हातमोज्याच्या कंपनीत हाय का?”

मी त्यास नख्यांच्या कोंदणातून प्रकाश हिऱ्यात सर्व दिशांनी कसा प्रविष्ट होतो हे विशद केले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

“पर गाईच्या आत उजेड कुठनं येनार?” तो म्हणाला.

पहिला नमुना खिशात गेला. गाय गाभण निघाली. त्या गोठ्यात माझ्याव्यतिरिक्त सर्वजण प्रसन्न होते.

दूध संकलन केंद्र: लोकशाही आणि लाथ

पुढे घोगरगाव ओलांडल्यावर एका फाट्यावर दूध संकलन केंद्र लागते. सकाळची दुधाची गर्दी ओसरत होती. किटल्या रिकाम्या झालेले दहाबारा जण उन्हात उभे होते. शेजारच्या गोठ्यातील गाईला दगडी झाली होती, म्हणजे कास सुजून टणक झालेली. डॉक्टरांनी दुसरा नमुना चढवला आणि बसून कास चाचपू लागल्या. या कामास हातमोजा नव्हता. गाईचा दोर धरण्याचे दायित्व माझ्यावर आले.

“घट्ट धरा,” डॉक्टर म्हणाल्या.

“गोमातेस कष्ट होतील.”

“तुम्हाला होतील.”

बारीक खड्यांच्या रांगेची खरखर दुखऱ्या सडास लागली. गाईने मागचा पाय झाडला. डॉक्टर सवयीने बाजूला झाल्या, बादली उडाली. नंतर गाईने शेपूट फिरवले. ते माझ्या छातीवर डाव्या खांद्यापासून उजव्या बरगडीपर्यंत, यज्ञोपवीताच्या रेषेत, उमटले. शेणात. पांढऱ्या झब्ब्याचा विषय येथे संपला.

मी धुवायला गेलो तेवढ्यात अंगठीची वार्ता केंद्रावर पसरली होती. तेथील तात्या नामक वयोवृद्ध गृहस्थांनी तिन्ही नमुने दुधाच्या काट्यावर ओळीने मांडले.

“हात वर करा रं. ह्यो उभा खडा कुनाकुनाला पसंत हाय?”

झाडून सर्व हात वर गेले.

“का बरं?” डॉक्टरांनी विचारले.

“दिसाय पायजे ना, म्याडम,” तात्या म्हणाले. “येवढा पैका घालायचा आन् कुनाला दिसलाच न्हाई, तर काय उपेग?”

माझ्या नेत्रांत कृतज्ञतेचे अश्रू तरळले. संपूर्ण आयुष्यात जनमत माझ्या बाजूने प्रथमच उभे होते.

“छान,” डॉक्टर म्हणाल्या. “मग आता ती घालून तुमच्या गाईची कास बघते.”

हात खाली आले. मत फिरण्याचा एवढा वेग मी सरपंचांच्या सत्कारसमारंभांतही पाहिलेला नाही.

मिरजगाव: बंद कोंदण

मिरजगावात महामार्गालगत भोजनाची सोय उत्तम आहे. काळी, तिखट शिपी आमटी आणि बाजरीची भाकरी मागावी. दोघांचे दोनशेच्या आत भागते. आमटी डोळ्यांतून पाणी काढते, त्यामुळे ज्यांना अन्य कारणांनीही पाणी येत असेल त्यांची आपोआप सोय होते. माझी झाली. तीनपैकी दोन नमुने गेले होते.

“घाबरलात?” डॉक्टरांनी भाकरी मोडत विचारले.

“आमटी तिखट आहे.”

“तिसरा बरा वाटतोय मला. गुळगुळीत आहे.”

माझी आशा पल्लवित झाली, आणि त्याच वेळी फोन वाजला. गावाबाहेरच्या वस्तीवर कुसुमबाई नावाच्या शेतकरणीची गाय अडली होती. भाकरी तशीच टाकून आम्ही धावलो.

वासराचा पुढचा एक पाय आत दुमडला होता. डॉक्टरांनी हातमोजा चढवला. बंद कोंदणावरून तो सुरळीत गेला, कुठेही फाटला नाही. मी मनातल्या मनात बापूशेठांचे मानपत्र रचू लागलो. डॉक्टरांचा हात आत गेला, त्यांनी डोळे मिटले, पाय चाचपडून शोधला. इतक्यात गाईने कळ दिली. डॉक्टरांचे ओठ पांढरे पडले. कळ सरली तसा त्यांनी पाय सरळ केला, कुसुमबाई आणि मी दोरी ओढली, आणि ओलेचिंब वासरू गवतावर आले. कालवड होती. तिने सर्वप्रथम माझ्याकडे पाहिले. तिच्या मुद्रेवर कोणतेही मत नव्हते.

डॉक्टरांनी हातमोजा काढला. अनामिकेशेजारच्या बोटावर खड्याच्या कडेचा लालभडक वळ होता.

“कळ आली की हात हाडावर दाबला जातो,” त्या म्हणाल्या. “बाहेर आलेलं काहीही असलं तरी मला लागतं. तिलाही लागलं असणार.” त्यांनी तिसरी अंगठी काढून माझ्या तळव्यावर ठेवली. “संपलं, वसंतराव.”

त्या वेळी मला एकही विशेषण सुचले नाही.

कुसुमबाई कालवड पुसता पुसता सर्व ऐकत होत्या. “दादा, बाजारला जाताना तुमी नोटा कुठं ठेवता?”

“आतल्या खिशात.”

“मंग हिरा भाईर कशापायी? आतल्या अंगानं बसवा की.”

“म्हणजे बोटाच्या बाजूला? परंतु, बाई, तो दिसणार कोणाला?”

“जिची अंगठी हाय तिला ठावं असतंय. बास की.” मग डॉक्टरांकडे वळून, “व्हय ना, ताई?”

डॉक्टर हसल्या. दिवसभरात प्रथमच. “आत, सपाट. वरून साधं वळं. असं जमलं तर मी घालेन.”

परतीच्या वाटेवर रुईछत्तिशीपर्यंत मी तिन्ही नमुने पुन्हा पुन्हा कापसात गुंडाळत होतो. तेथे डॉक्टर म्हणाल्या, “पटत नसेल तर आत्ता सांगा. पुढच्या रविवारच्या आचाऱ्याला अजून नाही म्हणता येईल.”

मी दिल्ली गेटला उभ्या असलेल्या त्या काल्पनिक मनुष्याचा विचार केला. तेथे तो कोण उभा होता, आणि माझ्या हिऱ्याशी त्याचे काय प्रयोजन होते, हे मला सांगता येईना.

“आचारी राहू द्या,” मी म्हणालो.

स्वगृही

बापूशेठांनी ऐकले आणि चष्मा काढला. वळे थोडे जाड करावे लागेल, आतून घर कोरून हिरा अगदी समतल बसवावा लागेल, दोन दिवस जास्त लागतील, हे सर्व सांगून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

“वसंतराव, जन्मभर कुणाला दिसणार नाही. काचेचाच बसवू का? हिरा मी परत घेतो.”

“बापूशेठ, हे तुम्ही डॉक्टरांना सांगता आहात का मला?”

“तुम्हाला. त्यांना कशाला सांगायचं?”

मी पुष्कळ लोकांना लेखी ‘सत्यनिष्ठ’ ठरवले आहे. त्यांच्यापैकी कोणी या प्रसंगी काय केले असते, याविषयी मला रास्त शंका आहे. वळे तयार झाल्यावरच मी हिरा त्यांच्यासमोर ठेवला आणि तो बसेपर्यंत दुकानातून हललो नाही.

साखरपुडा झाला. मी अंगठी घातली. माझ्या भगिनी डॉक्टरांचा हात पाहण्यास पुढे झाल्या आणि किंचाळल्या, “अगं बाई, हिरा पडला!” क्षणार्धात दोन्ही पक्षांचे साठेक प्रतिष्ठित नागरिक सतरंजीवर रांगू लागले. कोणी मोबाईलचा प्रकाश पाडला, कोणी आचाऱ्याला दारात अडवून मसालेभाताच्या पातेल्यात पाहिले. भटजींनी आपले पंचपात्र स्वतःहून उपडे करून दाखवले. मी खुलासा करण्यास तोंड उघडले तोच डॉक्टरांनी माझा हात दाबला.

“थांबा जरा,” त्या हळूच म्हणाल्या. “तुमचे भाचे टेबलाखाली गेलेत.”

भाचे बाहेर आल्यानंतरच खुलासा झाला. भगिनींचा आजही विश्वास नाही.

या गोष्टीस दीड महिना झाला. ज्यांना कोंदण ठरवायचे आहे त्यांनी नमुने घेऊन ज्याच्या बोटात अंगठी जायची त्याच्या कामावर एक दिवस काढावा, एवढेच माझे व्यावहारिक निवेदन. अंगठी डॉक्टरांच्या बोटात आहे. श्रीगोंदा, जामखेड, कर्जत, सर्व ठिकाणच्या गाईंच्या आतून ती जाऊन आली. एकदाही निघालेली नाही. परवा बापूशेठ रस्त्यात भेटले. नवे काम आहे, आतला हिरा घट्ट बसला आहे की नाही, एकदा दाखवून घ्या, असे बजावून गेले. त्यांचे म्हणणे रास्त आहे. हिरा कदाचित जागेवर असेल, कदाचित एव्हाना कुठल्या हातमोज्यात राहिला असेल. पाहायचे तर अंगठी काढावी लागेल.

मी अद्याप डॉक्टरांकडे हा विषय काढलेला नाही.