हिरामणचे चार टाके

हिरामणने शिवलेला पट्टा कधी सुटत नाही, हे तळोज्याच्या आमच्या कारखान्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकावं लागतं, आणि तेही खुद्द हिरामणच्याच तोंडून. उंचावर काम करणाऱ्यांचे सेफ्टी बेल्ट आम्ही बनवतो. मी पट्टी कापतो, तो शिवतो. परभणीहून आलेला हा माणूस नावड्याला एका खोलीत राहतो, पण तोरा असा की तळोज्यातली सगळी धुराडी याच्याच पट्ट्यांवर तोलून आहेत.

गेल्या महिन्यात खारघरची शायमा त्याच्याकडे आली. मोठ्या पतंगाच्या ओढीवर, पायाखाली फळी घेऊन समुद्रात धावायचा खेळ ती खेळते. पतंगाचा दांडा हातातून सुटला तरी पतंग जाऊ नये, म्हणून एक दोरी कंबरेच्या पट्ट्याला जोडलेली असते. त्या दोरीवरचं कापड झिजलं होतं, तेवढं बदलून हवं होतं. हिरामणने झकास शिवलं. मग टोकाची लाल मूठ सहज ओढली, तर दोरीची कडी खटकन उघडली. त्याचा चेहराच उतरला. "हे तर सुटायलंय," म्हणाला आणि मुठीतून जाड नायलॉनचे चार टाके घातले. शायमाला सांगितलंही नाही.

मी शेजारीच होतो. मूठ मुद्दाम लाल कशाला केली असेल, हे माझ्या मनात आलं होतं. पण विचारलं असतं तर त्याने तासभर ज्ञान पाजलं असतं, म्हणून गप्प बसलो.

परवा शायमा तीच दोरी घेऊन परत आली, हात गळ्यात बांधलेला. काकांचं काम म्हणून तिने मूठ ओढून पाहिली नव्हती. समुद्रात पतंग पडला, त्याच्या दोऱ्या एका होडीत अडकल्या आणि होडी तिला ओढत निघाली. मूठ उघडेना. होडीवाल्यांनी इंजिन बंद करेपर्यंत तिचा खांदा निखळला होता.

"काका, अशा वेळी पतंगासकट सगळं सोडून द्यायला ती मूठ असते," ती शांतपणे म्हणाली. "उघडणं हेच तिचं काम."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

हिरामणने ब्लेडने चारही टाके कापले. पट्ट्यांच्या चाचणीसाठी छताला लावलेल्या हुकाला दोरी अडकवली, दुसरं टोक स्वतःच्या कंबरेच्या पट्ट्याला लावलं आणि स्टुलावरून पाय काढले. सगळे बघत होते. त्याने मूठ ओढली आणि फरशीवर आपटला.

शायमाने चांगला हात पुढे केला. त्याने तो धरला नाही. "लाज वाटायली, पोरी," तो खाली बघत म्हणाला. "तुला एका शब्दानं इचारलं बी नाही मी."

मी जागचा हललो नाही. कुठल्या तोंडाने त्याला उठवणार होतो?

आज एक नवा माणूस कामावर आला. हिरामण त्याला काहीच बोलला नाही, मान खाली घालून शिवत राहिला. मग त्या चार टाक्यांची हकीकत मीच सांगितली, माझ्या गप्प बसण्यासकट.