अण्णांनी बसवलेलं बर्फाचं मशीन

माझे वडील नांदेडच्या एका बर्फ कारखान्यात ऑपरेटर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. हदगावकडच्या खेड्यातून सातवी शिकून ते नांदेडला आले, आधी बर्फाच्या लाद्या गाडीत चढवायला लागले आणि मग हळूहळू मशीनवर गेले. उन्हाळा म्हणजे बर्फाचा हंगाम. लग्नसराई, रसवंत्या, मासळीवाले, सरबताच्या गाड्या, सगळ्यांना एकदमच बर्फ लागायचा. शाळेला सुट्टी लागली की गल्लीतल्या मुली वडिलांचं बोट धरून गावी जायच्या. आमचे अण्णा मात्र होळी झाली की कारखान्यात जायचे ते मृग लागेपर्यंत आमचे नसायचेच.

मी डबा घेऊन जायची. आत लाकडी फळ्यांखाली खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती आणि तिच्यात गोड्या पाण्याचे उंच पत्र्याचे साचे बुडवलेले असायचे. अण्णा साखळीनं साच्यांची एक रांग उचलत, साध्या पाण्यात बुडवून काढत आणि आडवी करत. माझ्याएवढाल्या लाद्या सरसर घसरत दारापर्यंत यायच्या. अमोनियाच्या वासानं डोळे चुरचुरायचे. मी दारात उभी राहून अण्णांकडे बघायची आणि ते टाकीवरूनच ओरडायचे, "जाय माय, डोळे जळतील." मला जायचं नसायचं. डबा ठेवून मी जरा जास्तच हळू चालत निघायची. मागून हाक येईल असं वाटायचं.

माझं लग्न लातूरला झालं. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. लग्नाला वर्ष झालं नव्हतं आणि भूकंप झाला. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट होती. आमचं घर पडलं नाही, पण माजघराची भिंत वरपासून खालपर्यंत चिरली. किल्लारीकडून येणारी बातमी दर तासाला वाईट होत होती. लातूरची माणसं घरात पाय ठेवायला धजत नव्हती. आम्हीही समोरच्या मैदानात ताडपत्री बांधून राहिलो. सासूबाई आधीच आजारी, त्यात पावसाची झड लागली. नांदेडला निरोप कसा द्यावा कळत नव्हतं. फोन लागत नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मैदानाच्या कडेला एक ट्रक थांबला. मागं गोणपाट आणि भुसा, त्याखालून पाण्याची धार लागलेली. त्या गोणपाटावरून अण्णा उतरले. अंगावर कारखान्यातलेच कपडे, पाय गुडघ्यापर्यंत भुशानं भरलेले, ओठ थंडीनं निळे पडलेले. लोहा, अहमदपूर, चाकूर असा सगळा रस्ता ते बर्फावर बसून आले होते. दवाखान्यात औषधं आणि रक्ताच्या बाटल्या थंड ठेवायला बर्फ हवा होता, लातूरच्या कारखान्याची वीज गेलेली होती, म्हणून नांदेडहून गाड्या निघाल्या होत्या.

मी धावत गेले. त्यांनी मला खांद्याला धरून वरपासून खालपर्यंत पाहिलं, हात उलटेसुलटे करून बघितले.

"लागलं न्हाई ना कुठं?"

"नाही अण्णा."

"जावईबापू?"

"बरे आहेत. पाणी आणायला गेलेत."

सासूबाईंच्या पायाशी वाकून त्यांनी नमस्कार केला. मी तांब्याभर पाणी दिलं ते उभ्यानंच प्याले. बसा म्हटलं तर म्हणाले, "माल वितळून राहिलाय, माय. दवाखान्यात वाट बघून राहिलेत." आणि गेले. ट्रक वळेपर्यंत मी उभी होते. ते मागं बसलेले दिसत होते, पण गोणपाट नीट करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्या दिवसांत लोकांनी काय काय गमावलं ते मला दिसत होतं. माझे वडील जिवंत होते, मला बघून गेले होते. तरीही मनात एक बारीक काटा राहिला तो राहिलाच. ते बर्फासोबत आले होते. बर्फासाठीच गेले. माहेरी गेले की विचारावं असं वाटायचं, पण समोर गेले की धीर व्हायचा नाही.

पुढं लातूरचं रूप बदललं. दहावी-बारावीच्या निकालांनी गावाचं नाव झालं आणि बाहेरगावची मुलं लोंढ्यानं येऊ लागली. आमच्या गल्लीत जिथं जनावरं बांधायचे तिथं मुलींची वसतिगृहं उभी राहिली. क्लास सुटला की रस्ता सायकलींनी भरून जायचा. मीही वरच्या खोल्या मुलींना दिल्या आणि खाली खानावळ सुरू केली. निलंग्याच्या, उदगीरच्या, परभणीच्या, कुठकुठल्या मुली माझ्या हातचं जेवत होत्या. आजूबाजूला ज्यूस सेंटरं इतकी झाली की बर्फ पुरेना. लादीचा बर्फ फोडून, कसल्याही पाण्याचा, कसल्याही पोत्यात गुंडाळून येई. एकदा माझ्या खानावळीतल्या दोन मुली त्या बर्फाचं सरबत पिऊन चार दिवस अंथरुणाला खिळल्या. तेव्हा मी ह्यांना म्हटलं, आपणच स्वच्छ बर्फ करू. मला बर्फातलं थोडंफार कळतं.

क्यूब पाडणारं मशीन मागवलं. कपाटाएवढं, पांढरंस्वच्छ, खाली बर्फ साठवायची पेटी. मशीन आलं, पण ते बसवून द्यायला कंपनीचा माणूस येईना. हैदराबादहून निघतो निघतो म्हणत त्यानं आठवडा काढला. शेवटी मी नांदेडला फोन केला. कारखाना तोवर बंद पडला होता. अण्णा घरी बसून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते आले. हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या पिशवीत पाने, करवत आणि गवंड्याची पाणसळ. मशीनभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "हे तर खेळणं हाय." मग खाली बसून मागची जाळी, नळ्या, पंखा असं सगळं बराच वेळ बघत राहिले. उठले तेव्हा आवाज बदलला होता. "न्हाई, खेळणं न्हाई. लई डोकं लावलंय. पुस्तक हाय का ह्याचं?"

पुस्तक इंग्रजीत होतं. मी बी.ए. झालेली. अण्णा म्हणाले, "तू वाच, मी करतो."

तसं आमचं काम सुरू झालं. मी पायरीवर बसून एकेक ओळ वाचायची, मराठीत सांगायची. ते ऐकायचे, मान हलवायचे, कधी म्हणायचे, "पुन्हा वाच." भिंतीपासून वीतभर जागा सोडा, असं पुस्तकात होतं. अण्णांनी दीड वीत सोडली. "लातूरचा उन्हाळा त्यायनं कुठं बघितला?" मशीन अगदी समतल हवं, नाहीतर साच्यात पाणी एका बाजूला जाडं आणि एका बाजूला पातळ गोठतं. अण्णांनी पाणसळ चारी बाजूंनी लावली, मशीनचे पाय फिरवून फिरवून वरखाली केले. अर्धा दिवस त्यात गेला. विजेची लाइन वेगळी ओढली, स्टॅबिलायझर बसवला. निचऱ्याचा पाइप मोरीपर्यंत नेला तो एकसारख्या उतारानं, कुठं झोळ नाही, आणि त्याचं तोंड मोरीच्या जाळीपासून वर ठेवलं. "घाण पाणी उलट चढलं तर बर्फात जाईल," ते म्हणाले. आमच्या बोअरचं पाणी जड, म्हणून आधी क्षार काढायची टाकी, मग गाळणी. प्रत्येक जोड त्यांनी हात फिरवून तपासला. कुठं पाण्याचा थेंब दिसला की सगळं सोडून पुन्हा करायचे.

सगळं झाल्यावर मी पुढचं पान वाचलं. मशीन आडवं झालं असेल तर उभं केल्यावर चोवीस तास सुरू करू नये.

खालचा एक जोड पुन्हा करायला आम्ही त्याच सकाळी ते आडवं केलं होतं. अण्णा म्हणाले, "बरोबर हाय. तेल चढलेलं असतं वर. खाली उतरू दे त्याला."

मग करायला काहीच उरलं नाही. वैशाखातला दिवस होता. मुली परीक्षा संपवून गावी गेल्या होत्या, खानावळ बंद होती. हे कुठल्याशा प्रशिक्षणाला गेलेले. मी आणि अण्णा ओसरीवर बसलो. उन्हाळ्यातल्या भर दुपारी माझे वडील माझ्यासमोर नुसते बसलेत, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मी पस्तिशी ओलांडली होती. त्यांना कैरीचं पन्हं दिलं. ते घोट घोट पीत होते. मी कांदे चिरायला घेतले, नाहीतर हातांचं काय करावं समजेना.

तेव्हा मी विचारलं. मान वर न करता विचारलं, "भूकंपाच्या वेळी तुम्ही आलात आणि दहा मिनिटंही थांबला नाहीत, अण्णा."

त्यांनी पन्ह्याचा आणखी एक घोट घेतला. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "गाडीसंगट जायचं काम माझं नव्हतं. दुसरा माणूस होता त्याला. मीच मालकाला म्हणलं, मी जातो. मशीन दुसऱ्याच्या हाती देऊन आलो."

मला हे माहीत नव्हतं.

"मग बसायचं तरी होतं."

"बसलो असतो तर तुला घेऊनच उठलो असतो," ते म्हणाले. "विहीणबाई आजारी, जावई पाण्याला गेलेले, तुझ्यावर सगळं. आन् मी तुला गाडीत घालून न्यावं? बरं दिसलं असतं का?" ग्लास खाली ठेवून ते अंगणाकडं बघत राहिले. "नेणारच होतो म्हण ना. चाकूरपासून तेच घोकत आलो होतो. तुला बघितलं आन् मन बदललं. तू इथली झाली होतीस."

कांदे होते हे बरं झालं.

संध्याकाळपर्यंत आम्ही तिथंच बसलो होतो. त्यांनी मला त्यांच्या आईचं सांगितलं, ती मला आठवतही नव्हती. खेड्यात पहिल्यांदा बर्फ आला तेव्हा ते स्वतः सात वर्षांचे होते आणि उपरण्यात बांधून घरी नेईपर्यंत नुसतं ओलं उपरणं उरलं होतं, हेही सांगितलं. सांगताना हसत होते. हा हसणारा माणूस इतकी वर्षं कुठं होता, असं मला होत होतं.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं. पंखा फिरला, पाणी वाहू लागलं, मग बराच वेळ काही नाही. आम्ही दोघं पेटीचं झाकण उघडून शेजारी उभे. एकाएकी आत बर्फ मोकळा करणारा गरम वायू सुटल्याचा फुस्स आवाज झाला आणि खडखडाट करत बर्फ पेटीत पडला. काचेसारखा स्वच्छ. मी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. अण्णांनी एक क्यूब उन्हाकडं धरून आरपार बघितला. पहिले दोन घाणे टाकून द्या, असं पुस्तकात होतं, ते त्यांनी अंगणातल्या लिंबाच्या आळ्यात ओतले. तिसऱ्याचा बर्फ तोंडात घालून म्हणाले, "आमच्या लादीला ही चव न्हाई."

ते आठ दिवस राहिले. मला सगळं शिकवलं. मागची जाळी आठवड्याला मऊ ब्रशनं झाडायची. महिन्याला लिंबूसत्वाचं पाणी फिरवून क्षार काढायचा. बर्फ पांढुरका दिसला की पाणी बिघडलं समजायचं. बर्फात हात घालायचा नाही, काचेचा ग्लास तर कधीच नाही, चमचा बाहेर टांगून ठेवायचा. पेटी भरली की मशीन आपोआप बंद पडतं, घाबरायचं नाही. मी वहीत लिहून घेतलं. नवव्या दिवशी मी त्यांना स्टँडवर सोडलं. आणखी राहा, असं मी म्हणाले नाही. त्यांना काम संपल्यावर थांबायची सवय नाही, असं समजून गप्प राहिले. आज वाटतं, म्हणायला हवं होतं. राहिलेही असते.

त्यानंतर तीन वर्षांनी अण्णा गेले. झोपेतच गेले, नांदेडला.

मशीन चालत राहिलं. मोठा दुष्काळ पडला आणि लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी मात्र मी ते बंद ठेवलं. बाया घागरी घेऊन टँकरमागं पळत असताना पाण्याचा बर्फ करून विकणं मला जमलं नाही. आतलं सगळं पाणी काढून, कोरडं पुसून, झाकण जरा उघडं ठेवून वर चादर घातली. पाऊस झाल्यावर एकटीनं पुन्हा सुरू केलं. वही समोर होती, पण उघडावी लागली नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा खरंच बिघडलं. पंख्याची मोटर जळली. एक मेकॅनिक आला, चाळिशीचा असेल. मोटर बदलता बदलता तो मागं वाकून बघत राहिला.

"बाई, हे बसवलं कुणी?"

"का? काही चुकलंय?"

"न्हाई हो. इतक्या वर्षांत एक जोड गळला न्हाई. पाइपचा उतार बघा की. आता असं कोण करून राहिलंय?"

"माझ्या वडिलांनी बसवलं," मी म्हणाले. मग मी त्याला विचारलं, आणखी काय काय चांगलं केलंय ते दाखवा. तो जरा बावचळला, पण दाखवू लागला. वायर कशी खालून वळवून घेतलीय, म्हणजे पाणी ओघळलं तरी सॉकेटमध्ये जाणार नाही. भिंतीपासून जागा किती मोकळी सोडलीय. मी सगळं ऐकत होते. मला ते माहीत होतं, मीच तर वाचून दाखवलं होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

त्याचं काम कधीच झालं होतं. मी त्याला चहा दिला. तो उठायला लागला तसा म्हटलं, बसा, अजून अर्धा कप घ्या. त्याला दुसरीकडं जायचं होतं हे मला दिसत होतं. तरी तो बसला. मी पुन्हा चहाचं आधण ठेवलं आणि त्याला विचारलं, तो पाणी आत आणणारा पाइप, त्याचंही काम नीट झालंय ना?